मराठी आकड्यांचा बोर्ड

८ सप्टेंबर २००८, सोमवार

नाही म्हणायला तोंडच उघडत नाही माझं. जुना रोग! क्षिप्राचा फोन आला होता, मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक. महिनाअखेर इथे रात्रीची कार रेस आहे, अर्ध्या शहराला कुंपणं लागलीत, ज्याला त्याला गाड्यांचं वेड. तर म्हणे, "शुभदाताई, तुमच्या टीमचा इतिहास द्या ना! हजार शब्द."

मी म्हटलं, बघते. माझं बघते म्हणजे हो, हे सगळ्या मंडळाला ठाऊक आहे.

जेवताना रवीला सांगितलं. नवरा खूष! "लिही की. आणि शेवटी लिही, टीम पुन्हा सुरू होतेय." मला वाटलं, थट्टा करतोय. थट्टा नव्हती. सहा वर्षं दर शनिवारी हा माणूस पुलापलीकडे, दुसऱ्या देशात, जोहोरला जातो, आमचा मेकॅनिक आह सेंग, त्याच्या मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये. काय करतोस म्हणून मी कधी विचारलं नाही. तर हे करत होता — सोळा नंबरची गाडी पुन्हा उभी करत होता. नवी नाही, तीच! प्रबोधभावजी ज्या गाडीत गेले, तीच.

आणि चालवणार कोण? आमची लेक. दोन नोव्हेंबरला रेस.

मी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेले.

९ सप्टेंबर

भांडले. उपयोग शून्य. ऋग्वेदा तेवीस वर्षांची आहे, हे तिने मला चारदा सांगितलं. "आई, I grew up in that garage, what. तू पण चल ना, बोर्ड दाखवायला."

नाही म्हटलं. दोन हजार दोनच्या जूनपासून मी पूल ओलांडलेला नाही. मे महिन्यात पासपोर्ट नवा केला तो डिसेंबरात पुण्याला जायचंय म्हणून. अजून कोरा करकरीत आहे.

११ सप्टेंबर

लिहायला बसले. जमेल तसं.

सुरुवात अठ्ठ्याण्णवची. आमची घरची गाडी दहा वर्षांची झाली. इथे दहा वर्षांनी गाडीला मरावं लागतं, सरकारी कागदावर तरी. भंगारात घाला नाहीतर देशाबाहेर काढा. रवीचा जीव होईना. जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात दिवसभर मोठमोठ्या पंपांशी झोंबणारा माणूस, घरी येऊन त्या गाडीला हात लावून उभा राहायचा. त्याचा धाकटा भाऊ प्रबोध बँकेत होता, तेव्हा आमच्याकडेच राहायचा. तो म्हणाला, "दादा, पाठव हिला जोहोरला. तिकडे रेस होतात. मेलेली गाडी चालते त्यांना."

झाली टीम! रवी इंजिन बघणार, आह सेंग बाकी सगळं, भावजी चालवणार. मी डबे करणार. पहिल्या रेसला आम्ही शेवटून पहिले. एकोणीस गाड्यांत एकोणिसावे, तेही रेडिएटरचा पाइप माझ्या ओढणीने बांधून. भावजी उतरले ते नाचतच. "वहिनी, पूर्ण केली! पूर्ण केली!" एवढा आनंद मी पहिल्या आलेल्याच्याही तोंडावर पाहिला नव्हता.

मग मला बोर्डाचं काम मिळालं. ट्रॅकलगतच्या भिंतीशी उभं राहायचं, आपली गाडी समोरून गेली की किती फेऱ्या उरल्या ते आकड्यांचे पत्रे अडकवून दाखवायचं. रेडिओ परवडत नव्हता तेव्हा. शेजारच्या टीमचे लोक आमचा बोर्ड वाचून आपले डाव आखायचे. भावजींनीच शोध लावला — "वहिनी, मराठीत लिहा आकडे! कुणाच्या बापाला कळणार नाही." दहा पत्रे मी स्वतः रंगवले, काळ्यावर पिवळे. आणि अकरावा लाल, त्यावर 'आत'. तो दिसला की विचार न करता गाडी आत आणायची.

खरंच कुणाला कळायचं नाही. शेजारचे मलय लोक डोकं खाजवायचे. काय हसायचो आम्ही!

इथवर बरं झालं. पुढचं उद्या.

१२ सप्टेंबर

पुढचं लिहिलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

बापलेक पहाटेच जोहोरला गेले सरावाला. मी वरणभात खाल्ला आणि आडवी झाले. अशी झोप लागली की बस्स, चार तास! उठले तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या, घसा कोरडा. पन्नाशी उलटली की झोपसुद्धा दमवते वाटतं.

१५ सप्टेंबर

ऋगू हवेत आहे. गाडी मस्त, काका बरोबर सांगायचे, तिसऱ्या वळणावर डावीकडे ओढते, वगैरे वगैरे. मग सहज म्हणाली, "By the way, पपा, भिंतीशी बोर्ड कोण दाखवत होतं? Number four."

रवी म्हणाला, आपल्याकडे आता रेडिओ आहे, बोर्ड नाही. दुसऱ्या कुणाचा असेल.

"No lah. मलाच दाखवत होतं. माझ्याकडे बघत होतं."

कोण? टोपी होती म्हणे, तोंड दिसलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

दुपारी पुन्हा तसंच. झोपले, मेल्यासारखी. उठले तेव्हा अंग तापलेलं होतं. चप्पल दाराशी उलटी पडली होती. मी चप्पल अशी कधी टाकत नाही.

ऋगूला आज बोर्डावर आठ दिसला. "Eight, but funny-looking."

२९ सप्टेंबर

काल टीव्हीवर ती रात्रीची रेस पाहिली. आमचं सगळं हौगांग जागं होतं, समोरच्या ब्लॉकमधून आरडाओरडा ऐकू येत होता. रवी आणि ऋगू सोफ्याच्या कडेवर बसून. मी बघत होते ती फक्त भिंतीशी उभी असलेली बोर्डवाली माणसं. त्यांच्याकडे दुसरं कुणीच बघत नाही.

क्षिप्राचा फोन. लेख उद्या हवा. दोन हजार दोनचा परिच्छेद बाकी आहे.

३० सप्टेंबर

लिहिला. "शेवटून दुसऱ्या फेरीला प्रबोधला 'आत' चा बोर्ड दाखवला होता. वेगात त्याला तो दिसला नसावा." दोन वाक्यं. पाठवून दिला.

सहा वर्षं हेच सांगत आलेय. आता छापून येईल.

५ ऑक्टोबर, रविवार

ठरवून झोपले नाही. खुर्चीत बसून पालक निवडत होते. डोळे उघडले तर साडेचार! पालक तसाच मांडीवर, सुकलेला. हातांकडे बघितलं तर कोपरापासून खाली लालभडक, उन्हाने भाजल्यासारखे. घरात बसून?

आज तीन दिसला तिला. आह सेंग खिदळतोय म्हणे — चार, आठ, तीन, अजून एक आकडा आला की लॉटरीचा चार आकडी नंबर पुरा. रवीही हसला. मला हसू आलं नाही. डॉक्टरकडे जाऊन यावं का?

६ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाली, सनबर्न. म्हटलं, मी घरातच होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि मलम लिहून दिलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

झोप. दोन ते पाच. मी काही लढले नाही आज.

संध्याकाळी तिघं खालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलो. ऋगू म्हणाली, "आज टू." लॉटरी पुरी झाली, चार-आठ-तीन-दोन. आह सेंग उद्या तिकीट घेणार. मी म्हटलं, काढून दाखव बघू ते आकडे, कसे दिसतात. तिने टिशूवर काढले.

माझ्या हातातून चमचा पडला.

तिचा 'फोर' म्हणजे आपला ५. ती मराठी शिकली ती नुसती ऐकून, आकडे कधी वाचलेच नाहीत तिने! 'एट' म्हणजे आपला ४, डोकं उघडं असलेला. तीन आणि दोन तर इंग्रजीत नि मराठीत सारखेच दिसतात.

पाच, चार, तीन, दोन.

कुणीतरी माझ्या लेकीला फेऱ्या मोजून दाखवतंय. मराठीत! आणि आता राहिला एक. आणि राहिली आहे फक्त रेस.

"आई, you okay or not?" म्हटलं, तिखट लागलं.

२० ऑक्टोबर

ते दोघं कामावर गेल्यावर घरातलं बॉम्ब शेल्टर उघडलं, इथे प्रत्येक फ्लॅटला असते ती जाड भिंतींची खोली. इतर घरांसारखं आमच्याही शेल्टरमध्ये अडगळच आहे. सगळ्यात मागे पत्र्यांची ट्रंक. सहा वर्षं कुलूपबंद, किल्ली माझ्या मंगळसूत्राच्या डबीत.

पत्रे मी शून्यापासून नऊपर्यंत ओळीने ठेवले होते. आता वर २, त्याखाली ३, मग ४, मग ५. बाकीचे खाली. वरच्या चारांवर बारीक काळे कण होते. बोटाने चिरडले. टायरचं रबर. तो वास मी विसरलेले नाही.

घाबरले. खोटं कशाला लिहू? 

मग १ चा पत्रा शोधून काढला. गुडघ्याखाली धरून वाकवला आणि कचरा खाली सोडायच्या शूटमध्ये लोटला. अकरा मजले खणखणत गेला. खालून मांजर ओरडलं. आता दाखवा म्हणावं एक!

'आत' चा लाल पत्रा तळाशी होता. त्याला हात लावला नाही. त्याला तोंड दाखवायची लाज वाटते मला.

२२ ऑक्टोबर

इथे तरी खरं लिहिते. वाचणार कोण आहे!

नऊ जून दोन हजार दोन. दोन फेऱ्या उरल्या होत्या, भावजी तिसरे. चार वर्षांत पहिल्यांदा तिसरे! बक्षिसाच्या पायरीवर उभे राहणार होते. आह सेंगने पाहिलं, पुढच्या डाव्या चाकातून धूर. रवी मागून ओरडला, "शुभदा, आत बोलाव त्याला! ब्रेक गेलेत!" मी ऐकलं. नीट ऐकलं. 'आत' चा पत्रा पायाशी होता आणि १ चा हातात. माझ्या मनात आलं, एकच तर फेरी. एवढ्या वर्षांनी पोराला मिळतंय, एका फेरीने काय होणार आहे?

मी १ दाखवला.

भावजींनी अंगठा वर केला. माझ्यावर विश्वास होता त्यांचा. वहिनीने एक दाखवला म्हणजे गाडी ठीक आहे. पुन्हा काही ते समोरून गेले नाहीत.

धावाधाव झाली तेव्हा मी पत्रा बदलला. रवी धापा टाकत आला तेव्हा माझ्या बोर्डावर 'आत' होता. तो म्हणाला, "दाखवलास ना गं?" मी म्हटलं, दाखवला.

सहा वर्षं रवी म्हणतो, माझा भाऊ हट्टी होता. बोर्ड दिसूनही थांबला नसेल. मी ऐकून घेते. एवढ्या चांगल्या मुलाला हट्टी ठरवलं मी!

२८ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

अंक आला. फराळाला मंडळी जमली होती. रवीने माझा लेख उभा राहून वाचला, ओढणीच्या किश्श्याला सगळे हसले. मग ती दोन वाक्यं आली. वाचताना त्याचा आवाज कापला. क्षिप्राने डोळे पुसले, म्हणाली, "किती संयमाने लिहिलंय!"

 सांगावं, आत्ता सांगावं, असं दहादा आलं तोंडाशी. सांगितलं तर रवी जाईल. नाही सांगितलं तर ऋगू.

भावजी, हिशेब चुकता करताय का? माझ्या पोरीला नका नेऊ. मला न्या.

३१ ऑक्टोबर

ऋगूचे हातमोजे सोफ्यावर पडले होते. मार्करने डाव्या मोज्यावर दोन अक्षरं लिहिली. तिला बोलावलं.

"हे वाच."

"आ... आईमधला आ." हे तिला येतं, लहानपणी देवापुढे पाटीवर गिरवलं होतं. "आणि हा?"

"त. आत. म्हणजे गाडी आत आणायची. हे दिसलं की काही विचारायचं नाही. पहिली असलीस तरी."

"Who will show me? तू तर येत नाहीस."

काय सांगणार? म्हटलं, शपथ घे. घेतली. मग मला मिठी मारली, म्हणाली, "Drama queen lah you." घामाचा आणि शाम्पूचा वास येत होता तिच्या केसांना.

१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी रवीला सांगितलं. ओट्याशी उभी राहून, चहा उकळत असताना. सगळं. १ चा पत्रा, बदललेला पत्रा, टिशूवरचे आकडे.

 चहा उतू गेला. मग रवी म्हणाला, "त्याने अंगठा वर केला होता?"

म्हटलं, हो.

"मला कधीच सांगितलं नाहीस." मग गॅस बंद केला. "ब्रेक मी स्वतः बसवलेत, नवे कोरे. बोर्डाबिर्डाचं मला सांगू नकोस. आणि उद्या तू येऊ नकोस. त्या भिंतीशी तू उभी असलेली बघवणार नाही मला."

मी पाया पडले त्याच्या. उद्या तिला गाडीत बसू देऊ नकोस म्हटलं. तो पाय सोडवून घेऊन निघून गेला. जोहोरला, गाडी तपासायला. म्हणजे थोडं तरी ऐकलं.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सात — गेले. रवीने माझ्याकडे पाहिलं नाही. ऋगूने खालून हात हलवला, डावा.

अकरा — रेस अडीचला. देवापुढे बसले, लक्ष नाही. टॅक्सी करून जावं का? तो नको म्हणालाय. आयुष्यात एकदा तरी त्याचं ऐकू दे.

एक — दाराला आतून कडी घातली. कडीला खुर्ची लावली. काळी कॉफी प्यायले, दोन कप. झोपणार नाही म्हणजे नाही.

दोन — जागी आहे. घड्याळ समोर आहे. जागी

पावणेसहा — फोनने जाग आली. फोन वाजतोय हे कळायलाही वेळ लागला. ऋगू! जिवंत, रडतेय आणि हसतेय.

"आई, you came! लाल बोर्ड! चौथी होते मी, शेवटच्या लॅपला जाणार, and then I saw, आत! वाचलं मी! तुझ्या मोज्यावरून वाचलं! आत आणली गाडी. आह सेंगने चाक काढलं, ब्रेकचा पाइप चिरलेला. He said one more lap, finish already."

मी जमिनीवर बसले. खूप रडले, मोठ्याने, शेजारच्या बाईने दार वाजवेपर्यंत.

मग रवी फोनवर आला. आवाज अगदी हळू. "शुभदा. मी पण पाहिलं तुला. पिवळी टोपी घालून उभी होतीस. सहा वर्षं गर्दीत तुलाच शोधत असल्यासारखा धावलो तुझ्याकडे. तेवढ्यात कुठे गेलीस? थांबायचंस ना. आम्ही अजून तुला शोधतोय इथे."

म्हटलं, घरी आहे मी. लँडलाइनवर बोलतोयस तू माझ्याशी.



दाराला कडी तशीच आहे. खुर्चीही. शेल्टरमध्ये जाऊन आले. ट्रंकेत 'आत' चा पत्रा नाही.

३ नोव्हेंबर

कपाटातून पासपोर्ट काढला. कोरा नाही.

चौदा सप्टेंबर — पुलापलीकडे आत गेल्याचा शिक्का, बाहेर आल्याचा शिक्का. एकवीस सप्टेंबर — आत, बाहेर. पाच ऑक्टोबर — आत, बाहेर. एकोणीस — आत, बाहेर.

दोन नोव्हेंबर — आत.

पुढची पानं उलटून पाहिली. तीनदा. बाहेर आल्याचा शिक्का कुठेच नाही.